गोळी चालू असताना सीआरपी वाढलेला दिसला तर: रिपोर्ट वाचायचा कसा आणि पुढं करायचं काय

आरोग्य शिबिर असो की शहरातल्या लॅबचं 'फुल बॉडी चेकअप', रिपोर्टात सीआरपीची, म्हणजे अंगातल्या दाहाची खूण दाखवणाऱ्या रक्ततपासणीची, ओळ आता बऱ्याचदा असते. आकडा जरा जास्त असला की शेजारी ठळक अक्षरात 'हाय' छापून येतं. मी तालुक्याच्या गावी लॅबमध्ये काम करते. तो कागद घेऊन बायका परत येतात, काउंटरवर उभ्या राहून हळू आवाजात विचारतात, "ताई, हे काय निघालं?" त्यातल्या कितीतरी जणी पाळणा लांबवायची गोळी घेत असतात. रक्त काढताना ते कुणी विचारलेलं नसतं आणि त्यांनाही सांगावंसं वाटलेलं नसतं, कारण ती गोळी 'औषध' म्हणून त्यांच्या मोजणीतच नसते.

पण रिपोर्टातला तो आकडा ही गोळी एकटीही वाढवू शकते, आणि तसं झालं तर त्याचा अर्थ शरीरात रोग शिरला असा होत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. सगळा दोष गोळीवर टाकला तर हिरड्यांतून येणारं रक्त, कमरेचा वाढलेला घेर, अंगावरून जाणं या गोष्टी तशाच राहून जातात. दोन्हीकडची चूक टाळायची तर रिपोर्ट एका क्रमानं वाचावा लागतो. पहिल्यांदाच असा रिपोर्ट हातात आलेल्या बायका, त्यांना समजावून सांगणाऱ्या आशाताई आणि लॅबमध्ये नव्यानं लागलेल्या मुली यांच्यासाठी तो क्रम इथं देते. औषध सुरू करणं, बदलणं, थांबवणं हे डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांच्यासमोर बसताना तुमच्याकडं काय तयार असावं, ते मी सांगू शकते.

पहिली पायरी: नेमकी कोणती तपासणी झाली ते बघा

सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. शरीरात कुठं जंतुसंसर्ग झाला, मार लागला किंवा दाह सुरू झाला की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६ सारखे निरोप रक्तात सोडतात आणि ते मिळाले की यकृत हे प्रथिन बनवायला लागतं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळलं. सहा ते आठ तासांत ते चढायला लागतं, साधारण दोन दिवसांत सर्वांत वर जातं, आणि मूळ कारण मिटलं की दर १९ तासांच्या आसपास निम्मं होत उतरतं.

कागदावर 'सीआरपी' लिहिलंय की 'एचएस-सीआरपी', हे आधी बघा. साधी तपासणी संसर्ग, संधिवात यांसारखा मोठा दाह पकडण्यासाठी असते. एचएस म्हणजे हाय सेन्सिटिव्हिटी. ती बारीक चढउतारही मोजते आणि हृदयरोगाचा धोका अजमावताना वापरतात. अमेरिकन हार्ट असोसिएशननं आणि तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं २००३ साली दिलेले टप्पे आपल्याकडच्या रिपोर्टांवरही छापलेले असतात: लिटरमागं १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ म्हणजे मध्यम, ३ च्या वर म्हणजे जास्त. १० च्या वर गेला तर तो हृदयाचा हिशेब म्हणून वाचायचाच नाही. आधी संसर्ग किंवा दुसरं कारण शोधायचं आणि बरं वाटल्यावर तपासणी पुन्हा करायची.

मग एकक बघा. काही लॅब लिटरमागं मिलिग्रॅम लिहितात, काही डेसिलिटरमागं. डेसिलिटरमधला ०.५ म्हणजे लिटरमधला ५. मागच्या वर्षीचा रिपोर्ट एका लॅबचा आणि यंदाचा दुसऱ्या लॅबचा असला की आकडा 'दहापट वाढला' म्हणून घरात रडारड होते. एकक जुळवून पाहिल्याशिवाय दोन कागदांची तुलना करू नका.

सोबत ईएसआर असेल तर हिमोग्लोबिनची ओळही वाचा. ईएसआर म्हणजे तांबड्या पेशी नळीत तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते. पन्नाशीच्या आतल्या बाईत तो २० पर्यंत चालतो. रक्त कमी असलं तर पेशी लवकर खाली बसतात आणि दाह नसतानाही ईएसआर वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ दरम्यान, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आपल्या भागात एकट्या ईएसआरवरून 'अंगात सूज आहे' असं ठरवणं म्हणूनच फार कच्चं आहे.

फेरिटिनचं उलटं असतं. ते शरीरातला लोहाचा साठा सांगतं, पण दाह असला की ते स्वतःच फुगतं. त्यामुळं साठा रिकामा असूनही आकडा बरा दिसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची निरोगी मोठ्या माणसासाठीची किमान रेषा १५ आहे आणि संसर्ग किंवा दाह असेल तर तीच ७० धरायला सांगितली आहे. सीआरपी वाढलेला, हिमोग्लोबिन ९ आणि फेरिटिन ४० असेल तर 'लोह पुरेसं आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

दुसरी पायरी: गर्भनिरोधनासाठी काय वापरता ते कागदावर लिहा

नुसतं 'गोळी चालू आहे' एवढं पुरत नाही. प्रत्येक साधनाचा सीआरपीशी संबंध वेगळा आहे.

माला-एन आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टर मोफत देतात, माला-डी दुकानात मिळते. दोन्हींत २१ गोळ्या हार्मोनच्या असतात, प्रत्येकीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल (हे प्रोजेस्टिन) आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल (हे इस्ट्रोजेन). उरलेल्या वेगळ्या रंगाच्या सात गोळ्या लोहाच्या. मेडिकलमधल्या महागड्या गोळ्यांपैकी बहुतेक याच जातीच्या, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन्ही हार्मोन एकत्र असलेल्या. सीआरपी वाढवतो तो मुख्यतः हाच गट.

पीसीओडीसाठी, पिंपल्ससाठी किंवा पाळी नियमित यावी म्हणून मुलींना दिल्या जाणाऱ्या गोळ्याही बहुतेकदा याच असतात. लातूरला, संभाजीनगरला क्लाससाठी हॉस्टेलवर राहणाऱ्या मुली रक्त द्यायला आल्या की लग्नाआधी 'तसली' गोळी घेते असं कुणाला वाटेल या भीतीनं त्या नाव घेत नाहीत. मुलींनो, लॅबमध्ये आणि डॉक्टरांकडं ते सांगायला अजिबात संकोच करू नका. लॅबमध्ये असाल तर तुम्हीही असा प्रश्न चारचौघांत मोठ्यानं विचारू नका. चिठ्ठीवर लिहायला सांगा.

अंतरा म्हणजे दर तीन महिन्यांनी घ्यायचं डीएमपीए इंजेक्शन. त्यात फक्त प्रोजेस्टिन असतं, इस्ट्रोजेन नसतं. त्यामुळं एकत्रित गोळीसारखी ठळक सीआरपी वाढ त्यात दिसत नाही. काही बायकांचं वजन मात्र त्यावर वाढतं आणि वजनातून आकडा वाढू शकतो.

छायामध्ये, जी सहेली या नावानंही विकली जाते, सेंटक्रोमन असतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं हे औषध इस्ट्रोजेनही नाही आणि प्रोजेस्टिनही नाही. माला-एनचा परिणाम छायावर लादू नका. तांबी, म्हणजे कॉपर-टी, हिच्यात हार्मोन नसतं. तिचं काम गर्भाशयापुरतं. नसबंदीचं ऑपरेशन होऊन वर्षं उलटली असतील तर आज वाढलेल्या सीआरपीशी त्याचा संबंध जोडू नका.

एक गोळी बायका हमखास लिहायची विसरतात: पाळी पुढं ढकलायची. महालक्ष्म्या बसायच्या असतात, नवरात्रात तुळजापूरला जायचं असतं, घरात लग्न असतं. मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉनची पट्टी चिठ्ठीशिवाय आणली जाते. ही गर्भनिरोधक नाही. पण दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतली की तिचा काही भाग शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो आणि तो कमी मात्रेच्या एकत्रित गोळीएवढा भरू शकतो. म्हणजे एकत्रित गोळी जिला चालत नाही, तिनं हीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पट्टी चालू असताना टेम्पोत पाय दुमडून रात्रभर प्रवास करायचा, हे मला फार काळजीचं वाटतं. देवीला पुढच्या महिन्यातही जाता येतं.

तिसरी पायरी: गोळीमुळं आकडा का वाढतो ते समजून घ्या

तोंडावाटे घेतलेली गोळी आतड्यातून थेट यकृतात जाते. इथिनिल इस्ट्रॅडिऑल यकृताला कितीतरी प्रथिनं बनवण्याच्या बाबतीत चाळवतं आणि सीआरपी त्यातलंच एक. एकत्रित गोळी घेणाऱ्या बायकांचा सीआरपी न घेणाऱ्यांच्या सरासरी दुप्पट-तिप्पट भरतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. त्याच बायकांत इंटरल्यूकिन-६ मात्र त्या प्रमाणात वाढलेलं नसतं. म्हणजे दाहाचा निरोप आलेला नसतानाही यकृत सीआरपी बनवतंय, असा त्याचा अर्थ लावला जातो. पाळी गेल्यानंतर हार्मोन घेणाऱ्या बायकांतही हेच दिसतं: तोंडावाटे घेतलं की सीआरपी वाढतो, कातडीवर लावायच्या पट्टीतून घेतलं की तसा वाढत नाही.

म्हणून वर दिलेले १, ३ आणि १० चे टप्पे गोळी घेणाऱ्या बाईला जसेच्या तसे लावता येत नाहीत. गोळी चालू असलेल्या धडधाकट पंचविशीतल्या मुलीचा एचएस-सीआरपी ४ आला, तर 'हृदयाला धोका' असं तिला सांगणं चूक आहे.

मग गोळी अगदी निर्धोक का? तसंही नाही. तिचा खरा, मोजलेला धोका रक्ताच्या गुठळीचा आहे आणि तो सीआरपीच्या आकड्यावरून ठरत नाही. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांत वर्षाला १ ते ५ जणींना शिरेत गुठळी होते, एकत्रित गोळी घेणाऱ्या दहा हजारांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत ४० ते ६५. सीआरपीला घाबरून गोळी फेकून दिली आणि नको असताना दिवस गेले, तर धोका उलट वाढतो. एवढ्यासाठी तरी हे आकडे आशाताईंनी पाठ करावेत असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टर एकत्रित गोळी सहसा कुणाला देत नाहीत? रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर असलेलीला. पस्तिशी उलटून बिडी-सिगरेट ओढणारीला. डोळ्यांपुढं चमचम, वाकड्या रेषा दिसून अर्धशिशी उठणारीला. आधी गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेलीला. स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा मोठा आजार असलेलीला. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावर पाजणारीला. यातलं काही तुम्हाला लागू असेल तर सीआरपी कितीही कमी असो, डॉक्टरांना भेटा. गोळी घेणाऱ्या बाईसाठी रक्तदाब मोजणं सीआरपीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे आणि ते उपकेंद्रात फुकट होतं.

गोळी चालू असताना एका पोटरीला सूज येऊन दुखायला लागली, छातीत दुखलं, अचानक दम लागला, कधी नव्हे असं डोकं ठणकलं, नजर अंधुक झाली, बोलणं अडखळलं किंवा पोटात असह्य कळ आली, तर लॅबमध्ये येऊ नका. १०८ ला फोन करा, रुग्णालय गाठा आणि गोळीचं नाव पहिल्याच वाक्यात सांगा.

चौथी पायरी: रक्त योग्य वेळी द्या

पावसाळा सरता सरता आपल्याकडं डेंग्यू आणि चिकनगुन्याची साथ असते. अशा तापातून नुकत्याच उठलेल्या बाईचा सीआरपी हृदयाच्या हिशेबासाठी तपासण्यात काही अर्थ नाही. ताप, सर्दी-खोकला, जुलाब, दाढ काढणं, लस, जखम यांपैकी काही झालं असेल तर दोन आठवडे जाऊ द्या. पाळीच्या दिवसांत आकडा थोडा चढलेला असतो, म्हणून दोनदा तपासायचं असेल तर पाळीच्या चक्रातले साधारण तेच दिवस धरा.

अंगमेहनतीचंही तसंच. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरलेल्या बाईचं रक्त दुसऱ्या सकाळी घेतलं तर नुसत्या स्नायूंच्या ताणानंही सीआरपी वर दिसू शकतो. एक-दोन दिवस विसावा मिळाल्यावर रक्त द्या. तोडीच्या हंगामात असा विसावा मिळणं किती अवघड आहे हे मला माहीत आहे. म्हणून कारखान्यावर जाण्याआधी, दिवाळीच्या सुमारास गावातच तपासणी उरकलेली बरी.

पाचवी पायरी: या आकड्यावर 'पिशवीला सूज' ठरवू देऊ नका

हे मी जरा जोर देऊन सांगणार आहे. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, ओटीपोटात दुखतं अशी तक्रार घेऊन बाई जाते. सोनोग्राफी होते, रक्त तपासतात, सीआरपी वाढलेला निघतो आणि तिला सांगतात, "पिशवीला सूज आहे, काढून टाकलेली बरी." २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, कितीतरी जणींची ऐन तरुण वयात.

गावात भोंगा वाजला तर काहीतरी झालंय एवढंच कळतं. कुणाच्या वाड्यात, ते भोंगा सांगत नाही. सीआरपी तसाच आहे. हिरडी सुजली तरी वाढतो, लघवीचा संसर्ग झाला तरी, माला-एन चालू असली तरी. तो गर्भाशयाकडं बोट दाखवत नाही.

ओटीपोटात खरंच संसर्ग असू शकतो. ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वासाचा स्राव, संबंधाच्या वेळी वेदना असं सगळं असेल तर लगेच तपासून घ्या, कारण वेळेवर प्रतिजैविकं मिळाली तर तो बरा होतो. नवऱ्याचेही उपचार करावे लागू शकतात. पण पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथं स्त्रीरोग विभागात दाखवता येतं. जुने रिपोर्ट, सोनोग्राफीचे फोटो आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन जा.

सहावी पायरी: घरातली कारणं तपासा

सगळ्यात आधी कमर. पोटाची चरबी स्वतः इंटरल्यूकिन-६ सोडते, म्हणून सीआरपीचं सगळ्यात पक्कं नातं आहे ते वाढलेल्या घेराशी. भारतीय बाईसाठी ८० सेंटिमीटरची रेषा धरतात. माप परकराच्या नाडीवरून घेऊ नका, ती बहुतेक जणी खाली बांधतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सोडल्यावर टेप लावा. वजन थोडं जरी उतरलं तरी सीआरपी उतरतो. जीवनशैलीतल्या सगळ्या उपायांत याचाच पुरावा मजबूत आहे.

दुसरं, तोंड. मिसरी लावणाऱ्या बायका आपल्याकडं घरोघर आहेत. दाढ दुखली म्हणून कुणीतरी तव्यावर भाजलेली तंबाखू हातावर ठेवतं आणि मग ती जन्माची सवय होते. मिसरी आणि तंबाखू-चुना हिरड्यांचं नुकसान करतात, आणि हिरड्यांचा जुना आजार सीआरपी वाढवतो. उपचार केले की तो काहीसा खाली येतो. चूळ भरताना रक्त येत असेल, दात हलत असतील तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. गोळी लिहून घेताना मिसरीची सवयही डॉक्टरांना सांगा. ती तंबाखूच आहे आणि लाजून लपवण्यात नुकसान तुमचंच.

तिसरं, धूर. गॅस घरात आहे, पण सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून भाकरी आणि आंघोळीचं पाणी तुराट्या-पऱ्हाट्यांवरच. चुलीवर आणि गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या बायकांची तुलना करणाऱ्या भारतातल्या अभ्यासांत चुलीवाल्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा जास्त आढळल्या आहेत. सगळं गॅसवर शक्य नसेल तर निदान चूल भिंतीबाहेर, मोकळ्यावर मांडा आणि ओलं सरपण घालू नका.

झोपेचं कुणी विचारतच नाही. शेतीची वीज रात्री येते, मोटार चालू करायला उठावं लागतं, सकाळी पाणी भरायचं असतं. तिकडं हॉस्टेलवरच्या मुली दोन-दोन वाजेपर्यंत जागतात. सतत तुटलेली, अपुरी झोप दाह वाढवते आणि वजनही. रात्री सात तास मिळत नसतील तर घरातल्या कामाची वाटणी बदला. हे सांगायला सोपं आहे, पण नवऱ्याला आणि सासूबाईंना रिपोर्ट दाखवून स्पष्ट बोललात तर काही घरांत ऐकतात.

जेवणाबद्दल थोडक्यात, कारण आपलं मूळचं जेवण चांगलंच आहे: ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे. बिघाड होतो तो दिवसात पाच-सहा वेळा गोड चहा, त्याच्यासोबत टोस्ट-खारी, फरसाण आणि उपवासाच्या दिवशी तळलेला साबुदाणा यांनी. हळद रोजच्या भाजीत घाला, आपल्या वसमतच्या हळदीला तर जीआय मानांकन आहे. पण सीआरपी उतरवायला म्हणून कर्क्युमिनच्या महाग कॅप्सूल घेऊ नका. हळदीतलं ते द्रव्य शरीरात फार कमी शोषलं जातं, आणि शोषण वाढवून दिलेल्या जास्त मात्रेच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर त्या मुळीच नकोत.

व्यायाम आठवड्याला दीडशे मिनिटं, जोरात चालणंही चालतं. शेतात राबणाऱ्या बाईला मी व्यायाम सांगत नाही, तिला विश्रांती सांगते. दुकानात, ऑफिसात, शिलाई मशीनवर बसून काम करणाऱ्यांनी मात्र चालायला हवं.

सातवी पायरी: पुन्हा तपासा आणि मगच ठरवा

समजा, तिघींची गोळी चालू आहे. पहिलीचा एचएस-सीआरपी ४.२, कमर ७४, रक्तदाब चांगला, हिरड्या धड, तक्रार काही नाही. दोन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा ३.९ आला. इथं गोळीचाच परिणाम असण्याची शक्यता मोठी; डॉक्टर बहुधा गोळी चालू ठेवायला सांगतील. दुसरीचाही ४.२, पण कमर ९२, मिसरी चालू आणि रक्तदाब १३६/८८. आकडा तोच, काम मात्र पुष्कळ: रक्तदाबावर लक्ष, साखर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी, हिरड्यांचे उपचार, आणि हीच गोळी पुढं चालू ठेवावी का, यावर डॉक्टरांशी बोलणं. तिसरीचा ३८ आला. एवढी वाढ गोळीच्या माथी मारू नका. ताप, लघवीची जळजळ, संध्याकाळी अंगात कणकण आणि दोन आठवड्यांहून जुना खोकला, सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास बोटं आखडून राहणं, हे सगळं विचारून कारण शोधावं लागेल.

त्या जुन्या खोकल्यात क्षयरोग निघाला तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन गोळीचा असर कमी करतं आणि गोळी घेत असतानाही दिवस जाऊ शकतात. फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनही तसंच करतात. ही औषधं सुरू होताच पद्धत बदलण्याबद्दल विचारा.

पद्धत बदलायची ठरली तर मध्ये मोकळे दिवस सोडू नका. तांबी बसवली की लगेच संरक्षण मिळतं आणि ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते. पाळीत आधीच फार रक्त जात असेल तर मात्र ती बसवण्याआधी सांगा. अंतरा घेतल्यावर पाळी अनियमित होते किंवा येतच नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरात मूल हवं असेल तर ते इंजेक्शन निवडू नका. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, आणि नंतर आठवड्यातून एकदा; पीसीओडी, नुकतीच झालेली कावीळ किंवा क्षय असेल तर ती देत नाहीत. नवं साधन लागू पडेपर्यंत निरोध वापरा, तोही आशाताईंकडं मोफत मिळतो.

पुढचा सीआरपी पद्धत बदलल्यावर किंवा सवयी बदलल्यावर तीन महिन्यांनी करा. दर महिन्याला त्यावर पैसे घालवू नका. त्याऐवजी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.